यंदा नाकतोडे नव्हते

विल्यांदीच्या संगीतशाळेत ऑगस्टमध्ये मुलं नसतात.
एकतीस पियानो असतात,
उघड्या खिडक्यांतून बाहेर जाऊ न शकलेला वार्निशचा वास असतो,
आणि मी.
खिशात पाना, नमद्याची पट्टी, रबरी पाचरी.
गळ्यात दोरीला लटकलेली कानांची बुचं,
माझ्याच कानांचा साचा घेऊन ओतलेली,
दोन फिकट निळ्या गोगलगाई.

एंदेलकडे बुचं नव्हती.
"कान बंद करून सूर लावायचा?
मग डोळे मिटून दाढी करायला काय हरकत आहे?"
असं म्हणून तो स्वतःच हसायचा,
आणि पट्टी अशी ठोकायचा
की तारेची पुन्हा हलायची हिंमत होऊ नये.

ठोकावं लागतंच. ते काही खोटं नाही.
हळुवार लावलेली तार
पहिल्या दांडगट पोराच्या हाताखाली उतरते.
म्हणून एका तारेला दहा ठोके, कधी वीस.
तारा सव्वादोनशेच्या वर.
गुणाकार त्याने कधी केला नाही,
मीही नाही, तेव्हा.
चाळीस वर्षं त्याने त्या उघड्या पेटीत डोकं घातलं,
विहिरीत पडलेली बादली शोधावी तसं.

एका जुलैत त्याच्या शेतघरी गेलो होतो.
गवत कापून झालं होतं, मागचं कुरण तेवढं उभं.
साल्मेने राईचा पाव आणला, ताकाचा तांब्या आणला.
एंदेल बाकावर बसून म्हणाला,
"यंदा नाकतोडे नाहीत.
कुणीतरी औषध मारलेलं दिसतंय."

साल्मेने माझ्याकडे पाहिलं.
मी कुरणाकडे.
अख्खं कुरण
शंभर शिवणयंत्रं एकदम लावल्यासारखं
वाजत होतं.

कुणी काही बोललं नाही.
तिने त्याचा पेला भरला,
तो भरलेलाच होता,
ताक बाकावरून खाली ओघळलं.

त्यानंतर वरचं शेवटचं सप्तक
तो मला लावायला द्यायचा.
म्हणायचा, "तुझे हात बारीक आहेत."

मी कानाला खडा लावला,
पण लगेच नाही. दोन हिवाळे तसेच गेले.
मग एकदा, तार्तूच्या सभागृहात,
नाइलाजाने मेणाचे बोळे घातले,
आणि वरच्या सुरांचा तो काचेचा चुरा
हळूहळू खाली बसला.
दोन तारांमधली लाट,
जी इतकी वर्षं मी गोंगाटातून ओढून काढत होते,
समोर आली
तळ्याच्या तळाशी गोटा दिसावा तशी.
कमी ऐकून जास्त ऐकू येतं,
हे एंदेलला सांगायला हवं होतं.
तोवर त्याच्याशी ओरडून बोलावं लागायचं,
आणि ही गोष्ट ओरडून सांगण्यासारखी नव्हती.

दोन हिवाळ्यांची किंमत माझ्याकडे आहे.
डाव्या कानात एक सूर राहून गेलाय,
शेवटच्या पट्टीहून किंचित चढा.
त्याला खुंटी नाही.
रात्री कधी कधी झोपेत
माझा उजवा हात पाना धरल्यासारखा वळतो.

आता हाताखाली ऊकू आहे, एकोणीस वर्षांचा.
त्याने त्याची बुचं आज खिडकीत ठेवली,
दुसरा दिवस.
मी ओरडले नाही.
म्हटलं, "मागच्या गवतात जाऊन उभा राहा.
नाकतोडे मोजून ये."

तो गेला. बराच वेळ आला नाही.
मी त्या वेळात एक खालचा सूर लावला, भसाडा, हट्टी,
आणि मग खिडकीशी गेले,
उजवा कान बाहेर करून उभी राहिले.

"मोजता येत नाहीत," तो दारातून म्हणाला,
"फार आहेत."

"बरं," मी म्हटलं. "आता ती घाल."